नाकापलीकडची क्लिओपात्रा

क्लिओपात्रा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काजळाने लांबवलेले डोळे, कपाळावर सोन्याचा नाग, गालिच्याच्या गुंडाळीतून अवतरणारी सुंदरी आणि शेवटी हातात सापाची टोपली. एलिझाबेथ टेलरचा १९६३ चा सिनेमा घ्या, ॲस्टेरिक्सची चित्रकथा घ्या (तिथे तर सगळं कौतुक तिच्या नाकाचंच!), नाहीतर आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या लॅपटॉपवर सापडणारा २०१७ चा असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स. रायडर हॅगार्ड या इंग्रज लेखकाने १८८९ मध्येच तिच्यावर एक थरारक कादंबरी लिहिली होती. फॅरोंच्या वंशातला एक तरुण पुजारी तिचा खून करायला राजवाड्यात शिरतो आणि तिच्याच प्रेमात पडतो, असं तिचं कथानक.

मित्रांनो, गंमत अशी की या राणीवर थ्रिलर लिहिणाऱ्याला फारसं काही रचावं लागत नाही. भाऊबंदकी, विषप्रयोग, वेढा, पळापळ, बुडालेला राजा, जळालेली जहाजं, सगळा मसाला खऱ्या इतिहासात तयार आहे. पण बहुतेक कथा एका ठिकाणी गडबड करतात. त्या नायिकेच्या हातात चुकीचं हत्यार देतात. तिचं हत्यार रूप होतं, असं आपल्याला पटवलं जातं. प्रत्यक्षात ते भाषा, हिशेब आणि वेळ साधण्याची अक्कल हे होतं. कसं ते बघू.

कर्जात बुडालेलं घराणं

पहिली गोष्ट म्हणजे आपली क्लिओपात्रा या नावाची सातवी. दुसरी म्हणजे ती वंशाने मूळची इजिप्शियन नव्हे. अलेक्झांडरचा सेनापती टॉलेमी याने इ.स.पू. ३०५ मध्ये इजिप्तचा राजा म्हणून स्वतःला जाहीर केलं. हे घराणं मॅसिडोनियन ग्रीक. राजधानी समुद्रकाठची अलेक्झांड्रिया. तिथे ते प्रचंड दीपगृह आणि ते जगप्रसिद्ध ग्रंथालय. आणि पिरॅमिड? गिझाचा मोठा पिरॅमिड क्लिओपात्राच्या जन्मावेळीच अडीच हजार वर्षांचा जुना झाला होता. म्हणजे काळाच्या हिशेबाने ती पिरॅमिड बांधणाऱ्यांपेक्षा आपल्या जास्त जवळची!

तिचा जन्म इ.स.पू. ६९ च्या सुमाराचा. वडील बारावे टॉलेमी. लोक त्यांना बासरीवाला म्हणत, आणि त्यात कौतुक कमीच होतं. कारण या राजाने गादी टिकवण्यासाठी रोमकडून भरमसाट पैसा उचलला. इ.स.पू. ५८ मध्ये लोकांनी त्याला हाकललं, तेव्हा थोरली मुलगी बेरेनीके गादीवर बसली. तीन वर्षांनी बाप परतला तो रोमन फौज घेऊन. त्या मदतीची किंमत ठरली होती दहा हजार टॅलंट चांदी. परतल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे पोटच्या मुलीला ठार मारणं. दुसरं काम त्याहून लाजिरवाणं. ज्या रोमन सावकाराकडून कर्ज घेतलं, त्यालाच देशाचा अर्थमंत्री नेमलं!

तेव्हा क्लिओपात्रा चौदा वर्षांची होती. आपण दहावीच्या क्लासला जातो त्या वयात तिच्यासमोर दोन धडे मांडले गेले. या घरात बहीण-भाऊ म्हणजे प्रतिस्पर्धी, आणि कर्जबाजारी देशाचा राजा हा सावकाराचा नोकर. पुढचं तिचं सगळं आयुष्य या दोन धड्यांवर चाललं.

गालिचा नव्हे, वळकटी!

इ.स.पू. ५१ मध्ये वडील वारले. अठरा वर्षांची क्लिओपात्रा आणि तिचा दहाएक वर्षांचा भाऊ तेरावा टॉलेमी यांना जोडीने राज्य मिळालं. भाऊ लहान, म्हणून खरी सत्ता त्याच्या दरबाऱ्यांची. त्यात पोथिनस हा कारभारी आणि अकिलस हा सेनापती मुख्य. त्यांना कळसूत्री राणी हवी होती. ही तशी निघाली नाही. घराण्यातली प्रजेची इजिप्शियन भाषा शिकलेली ती पहिलीच. जवळजवळ अडीचशे वर्षं राज्य करून आधीच्या कुणालाही ती गरज वाटली नव्हती! शिवाय हिब्रू, अरबी, सीरियन, इथिओपियन, मीड आणि पार्थियन लोकांशीही ती दुभाष्याशिवाय बोलत असे, अशी नोंद प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने केली आहे. तोच पुढे म्हणतो की तिचं रूप काही अतुलनीय वगैरे नव्हतं, जादू होती ती तिच्या बोलण्यात. तिच्या नाण्यांवरही बाकदार नाक आणि ठसठशीत हनुवटीची बाई दिसते. आज एखाद्या निर्मात्याने तिला नायिका म्हणून घेतलं असतं का, शंकाच आहे.

दरबाऱ्यांनी तिला हाकललं. ती सीरियाच्या बाजूला गेली आणि तिथे स्वतःची फौज उभी केली. इ.स.पू. ४८ मध्ये पेलुसियमजवळ बहीण-भावाच्या फौजा समोरासमोर उभ्या असताना रोमचं भांडण नेमकं तिथेच येऊन आदळलं. सीझरकडून हरलेला पाँपे आश्रयाला आला. किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधीच दरबाऱ्यांनी त्याचा खून केला, सीझर खूष होईल या आशेने. मागोमाग सीझर अलेक्झांड्रियात उतरला. खूष होणं दूरच, पाँपेचं मुंडकं पाहून तो रडला म्हणतात. आणि मग वडिलांच्या जुन्या कर्जाची वसुली मागत राजवाड्यातच ठाण मांडून बसला.

आता क्लिओपात्राला सीझरपर्यंत पोचायचं होतं आणि वाटेत भावाची अख्खी फौज. इथे सिनेमावाले गालिचा आणतात. मूळ ग्रीक मजकुरात गालिचा नाहीच. तिथे आहे अंथरूण बांधायची पिशवी, म्हणजे आपल्या भाषेत सरळ सरळ वळकटी! अपोलोडोरस नावाचा एक विश्वासू माणूस संध्याकाळी लहान होडीतून वाड्याजवळ आला, ती त्या पिशवीत आडवी झाली, त्याने दोरीने बांधलं आणि उचलून आत नेलं. हॉस्टेलला ॲडमिशनच्या दिवशी वळकटी खांद्यावर घेऊन आलेल्यांनी मनात ही कल्पना करून पाहावी. यात शृंगार कमी आणि हिशेबी धाडस जास्त. पकडली गेली असती तर त्याच पिशवीत तिला समुद्रात फेकली असती. सकाळी भाऊ आला तेव्हा वाटाघाटीच्या मेजावर बहीण आधीच हजर होती.

पाण्याची लढाई

पुढचा प्रसंग खास आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी. सीझरजवळ माणसं होती सुमारे चार हजार, बाहेर अकिलसची फौज वीस हजार. सगळे राजवाड्याच्या भागात कोंडले गेले, क्लिओपात्राही. धाकटी बहीण आर्सिनोई मात्र निसटून बाहेरच्या फौजेला जाऊन मिळाली. तिचा माणूस गॅनिमीड याने अकिलसला संपवलं आणि फौज हाती घेतली.

अलेक्झांड्रियाला नाईलचं पाणी जमिनीखालच्या कालव्यांतून घरोघरच्या टाक्यांत येत असे. गॅनिमीडने आपल्या बाजूचे कालवे बंद करून घेतले आणि यंत्रांनी समुद्राचं पाणी उपसून ते सीझरकडे उताराने जाणाऱ्या कालव्यांत सोडलं. बघता बघता राजवाड्याकडचं पाणी खारट झालं. सैनिक हवालदिल! सीझरने एकच केलं. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोड पाणी मिळतंच, असं धीराने सांगून रातोरात विहिरी खणायला लावल्या. पाणी लागलं. पुढे कुमक आली, नाईलकाठच्या लढाईत तेरावा टॉलेमी बुडून मेला, आणि इ.स.पू. ४७ मध्ये बावीस वर्षांची क्लिओपात्रा पुन्हा राणी झाली. सोबतीला दुसरा धाकटा भाऊ चौदावा टॉलेमी, नावापुरता. त्याच वर्षी तिला मुलगा झाला. लोकांनी त्याला नाव दिलं सीझेरियन, म्हणजे छोटा सीझर.

पुढच्या वर्षी ती रोमला गेली. तिथे सीझरच्या विजययात्रेत आर्सिनोईला साखळदंडात चालवत नेलेलं रोमने पाहिलं. हरलेल्या राणीचं काय होतं, हे क्लिओपात्राच्या मनात कायमचं कोरलं गेलं असणार. सीझरने त्याच सुमारास अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिसचा सल्ला घेऊन रोमचं कॅलेंडर दुरुस्त केलं. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याची युक्ती रोमला इथूनच मिळाली. घोळ निस्तरण्यासाठी इ.स.पू. ४६ हे वर्ष चक्क ४४५ दिवसांचं करावं लागलं. असं सेमिस्टर कुणाला मिळेल!

दुष्काळ आणि हिशेब

१५ मार्च ४४ रोजी सीझरचा खून झाला. क्लिओपात्रा मायदेशी परतली. थोड्याच दिवसांत चौदावा टॉलेमी वारला. तिनेच विष घातलं, असं जोसेफस हा इतिहासकार म्हणतो. खरं असेल तर त्या घराण्यात ते नवं नव्हतं, पण म्हणून ते साधंही ठरत नाही. क्लिओपात्राला देवी बनवण्याचं कारण नाही. तीन वर्षांच्या सीझेरियनला तिने सहराजा केलं.

आणि मग नाईलला पूर यायचे थांबले. इजिप्तची शेती म्हणजे पुराचा गाळ. पूर नाही म्हणजे पीक नाही, पीक नाही म्हणजे कर नाही. दुष्काळ आला, रोगराई आली. हे का झालं असावं याचं एक उत्तर आपल्या काळात मिळालं. २०२० मध्ये ध्रुवीय बर्फाच्या नमुन्यांवरून संशोधकांनी दाखवलं की इ.स.पू. ४३ च्या सुरुवातीला अलास्कातल्या ओकमोक ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याने उत्तर गोलार्धाचं हवामान बिघडलं. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक डोंगर फुटला आणि अलेक्झांड्रियात धान्याची कोठारं उघडावी लागली!

या अवस्थेत रोमन सेनापती तिच्याकडे जहाजं मागत होते. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी कॅशियसला तिने दुष्काळाचं कारण सांगून नकार दिला. कारण खरंच होतं, सोयीचंही होतं. नाण्यांच्या बाबतीतही तिने डोकं चालवलं. तिच्या कांस्य नाण्यांवर ८० आणि ४० असे किमतीचे आकडे ठोकलेले आहेत. म्हणजे नाण्याची किंमत त्याच्या वजनावर नाही, राज्याच्या शब्दावर. आपल्या खिशातल्या नोटेमागे तरी दुसरं काय तत्त्व आहे?

इ.स.पू. ४१ मध्ये नवा बलवान मार्क अँटनी याने तिला तार्ससला जाब द्यायला बोलावलं. ती मुद्दाम उशिरा गेली. गेली ती सोनेरी नावेतून, जांभळी शिडं, चांदीची वल्ही, संगीत, सुगंध! सगळं शहर घाटावर लोटलं आणि अँटनी चौकात एकटाच बसून राहिला. सिनेमा इथे प्रेमगीत घालतो. पण व्यवहार बघा. अँटनीला पार्थियावर स्वारी करायला पैसा हवा होता. तिला हवी होती सुरक्षितता. बहीण आर्सिनोई तेव्हा एफेससच्या मंदिरात आश्रयाला होती. अँटनीच्या हुकमाने तिला ठार करण्यात आलं. पुढे अँटनीने क्लिओपात्राला प्रदेश दिले, त्यात सीडरची जंगलं असलेला किनारा होता. इजिप्तमध्ये जहाजाचं लाकूडच नाही, म्हणून. जेरिकोच्या खजूर-सुगंधाच्या बागा मिळाल्या, तर त्या तिने हेरोद राजालाच खंडाने दिल्या. प्रेम होतं की नव्हतं? होतं असावं. तीन मुलं झाली, शेवटपर्यंत दोघं बरोबर राहिली. पण जमाखर्चाची वही तिने कधी मिटली नाही.

याचा एक पुरावा बर्लिनच्या संग्रहालयात आहे. इ.स.पू. ३३ चा एक सरकारी कागद, म्हणजे पपायरस. ममीच्या आवरणासाठी रद्दी म्हणून वापरला गेला आणि त्यामुळेच वाचला! एका रोमन माणसाला दरवर्षी दहा हजार माप गहू निर्यात करण्याची आणि पाच हजार घडे दारू आयात करण्याची करमाफी त्यात दिली आहे. खाली वेगळ्या हातात एकच ग्रीक शब्द, तसं होऊ द्यावं अशा अर्थाचा. २००० साली हा कागद प्रकाशात आला तेव्हापासून अनेक अभ्यासक मानतात की हे अक्षर खुद्द क्लिओपात्राचं आहे. नाच नाही, नखरा नाही. ऑफिसात बसून फाईल मंजूर करणारी एक राणी.

ॲक्टियम

रोममध्ये सीझरचा वारस ऑक्टेव्हियन आता अँटनीच्या विरोधात उभा होता. पण रोमन माणसाविरुद्ध रोमन लोकांना पुन्हा लढायला लावणं अवघड. म्हणून इ.स.पू. ३२ मध्ये त्याने युद्ध जाहीर केलं ते फक्त क्लिओपात्राविरुद्ध. परकी बाई, जादूगारीण, आपल्या वीराला भुलवणारी. ही जाहिरात इतकी चालली की ती अजून चालूच आहे.

ग्रीसच्या किनाऱ्यावर ॲक्टियमला अँटनीचं आरमार अडकलं. ऑक्टेव्हियनचा सेनापती अग्रिपा याने रसद तोडली, छावणीत उपासमार आणि आजार. २ सप्टेंबर ३१ रोजी लढाई झाली. ऐन लढाईत क्लिओपात्राची साठ जहाजं शिडं उभारून निघून गेली आणि अँटनी मागोमाग. बाई घाबरून पळाली, असं शेकडो वर्षं लिहिलं गेलं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी लढाईला जाताना शिडं किनाऱ्यावर ठेवत, वल्ह्यांवर लढत. या वेळी शिडं बरोबर घेतली होती, खजिनाही तिच्याच जहाजांवर होता. म्हणजे वेढा फोडून निसटणं हाच बेत असावा, असं बरेच इतिहासकार आज मानतात. बेत अर्धाच साधला. खजिना वाचला, आरमार गेलं.

तरी ती थांबली नाही. तिने जहाजं भूमध्य समुद्रातून जमिनीवरून ओढत तांबड्या समुद्रात उतरवायला सुरुवात केली. आज सुएझ कालवा आहे त्या पट्टीवरून! तिथून नवा मुलूख गाठायचा विचार होता. काही जहाजं पोचलीही. पण शेजारच्या नाबातियन अरबांनी ती जाळून टाकली. जुनं वैर. एक दार बंद.

दुसरं दार मुलासाठी होतं. सोळा-सतरा वर्षांच्या सीझेरियनला तिने भरपूर धन देऊन इथिओपियामार्गे कुठे पाठवलं असेल? भारताकडे! हे स्वप्नरंजन नव्हतं. मोसमी वाऱ्यांवर अरबी समुद्र ओलांडायची विद्या तिथल्या खलाशांना तिच्या आधीपासून ठाऊक होती. तिच्यानंतर थोड्याच वर्षांत वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत, असं स्ट्रेबो लिहितो. पुढच्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात आपलं कल्याण, पैठण आणि तेरही येतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्य मूर्ती त्याच व्यापाराची खूण. सीझेरियन मात्र पोचला नाही. गुरूनेच त्याला परत फिरायची फूस दिली. ऑक्टेव्हियनने त्याला संपवलं.

शेवट

१ ऑगस्ट ३० रोजी ऑक्टेव्हियन अलेक्झांड्रियात शिरला. क्लिओपात्रा मेल्याची अफवा ऐकून अँटनीने स्वतःवर तलवार चालवली आणि तिच्याच कुशीत प्राण सोडला. ऑक्टेव्हियनला तिचा खजिना हवा होता आणि ती जिवंत हवी होती, विजययात्रेसाठी. आर्सिनोईची साखळी तिला आठवली असेल. काही दिवसांनी पहारा चुकवून तिने आणि तिच्या दोन दासींनी, ईरास आणि शार्मियन यांनी, मरण पत्करलं. वय एकोणचाळीस. साप? प्राचीन लेखकांचंच त्यावर एकमत नाही. कुणी विषारी लेप म्हणतं, कुणी साप. पुढच्या वर्षी रोमच्या मिरवणुकीत ऑक्टेव्हियनने तिचा सापासकट पुतळा फिरवला. जिवंत राणी मिळाली नाही म्हणून गोष्ट फिरवली! तिथपासून साप पक्का झाला.

हाच ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस झाला. इ.स.पू. ८ मध्ये एका महिन्याला त्याचं नाव दिलं गेलं. महिना निवडताना एक कारण असं दिलं होतं की याच महिन्यात इजिप्त जिंकलं. म्हणजे हॉस्टेलच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात जुलै हा तिच्या मुलाच्या बापाचा, आणि ऑगस्ट हा तिच्या पराभवाचा. तिच्या नावाचं पान त्यात नाही. तिची कबर सापडलेली नाही. तिचा राजवाडा भूकंपांनी समुद्राच्या तळाशी गेला. तिची मुलगी क्लिओपात्रा सेलीनी मात्र पुढे मॉरिटेनियाची राणी झाली. एवढ्या संहारात एक धागा उरला.

एकवीस वर्षं रोमसारख्या राक्षसाच्या दाराशी एक कर्जबाजारी देश तिने स्वतंत्र ठेवला. ती मेली आणि इजिप्त रोमचा प्रांत झाला. या एकवीस वर्षांत दुष्काळ होता, कर्ज होतं, घरात खून होते आणि तिच्या हातूनही खून झाले. हे सगळं बाजूला सारून उरलं काय, तर नाक आणि साप. कारण तिची फाईल लिहिली ती जिंकणाऱ्याच्या बाजूने.

थ्रिलर जरूर वाचा, गेमही खेळा. फक्त पुढच्या वेळी पडद्यावर गालिचा उलगडला की शेजारच्या पार्टनरला हळूच सांगा, अरे, ती वळकटी होती. आणि आत बसलेली बाई तेव्हा मनातल्या मनात बहुधा गव्हाचा हिशेब करत होती!